बदक खुडूक बसते तेव्हा

परसातल्या बदकाच्या मादीने दाणापाणी कमी केले, जवळ जाताच ती फूत्कारू लागली आणि स्वतःच्या पोटाची पिसे उपटून घरट्यात अंथरू लागली, तर ती आजारी आहे असे समजू नये. ती खुडूक बसली आहे. आता सुमारे महिनाभर घरातल्या माणसांनी करण्याजोगे काम फारसे नसते. न करण्याच्या गोष्टी मात्र बऱ्याच असतात.

मादी बहुधा पहाटे एक अंडे घालते. दहा-बारा अंडी जमेपर्यंत ती त्यांना ऊब देत नाही. त्यामुळे पहिले अंडे जुने आणि शेवटचे ताजे असले तरी सगळ्यांतली वाढ एकदमच सुरू होते आणि पिल्ले साधारण एकाच सुमारास बाहेर येतात. तिला बसवून ठेवणारे प्रोलॅक्टिन हे संप्रेरक बाळंतिणीच्या शरीरात दूध तयार करणारे तेच संप्रेरक आहे. पिसे गेल्याने उघड्या पडलेल्या त्वचेतून अंड्यांना सुमारे ३७.५ अंश सेल्सिअसची ऊब थेट मिळते. गर्भ कवचाच्या आतल्या पडद्याला चिकटू नये म्हणून ती अंडी वरचेवर फिरवते. दिवसातून एखाद-दोन वेळा अंडी पिसांनी झाकून ती चरायला, डुंबायला जाते आणि ओल्या अंगाने परतते. हा ओलावा अंड्यांना हवाच असतो.

कोंबडीची पिल्ले २१ दिवसांत निघतात, बदकाची २८ आणि मस्कोव्ही जातीची सुमारे ३५ दिवसांत. खाकी कॅम्पबेलसारख्या भरपूर अंडी देणाऱ्या जातीत खुडूक बसण्याची वृत्ती जवळपास उरलेली नाही. त्यांची अंडी खुडूक कोंबडीखाली ठेवतात. कोंबडी पाण्यात उतरत नाही, म्हणून अंड्यांवर अधूनमधून कोमट पाणी शिंपडावे लागते.

सातव्या-आठव्या दिवशी अंधारात अंड्यामागे बॅटरी धरली तर जिवंत अंड्यात लाल शिरांचे जाळे दिसते. कुबट वास येणारे अंडे हलक्या हाताने काढून टाकावे. आतल्या वायूने ते फुटले तर त्यातले जंतू बाकीच्या अंड्यांवर पसरतात.

खरी परीक्षा शेवटच्या दोन दिवसांत असते. पिल्लू आधी अंड्यातल्या हवेच्या पोकळीत चोच घालून श्वास घेऊ लागते, मग कवचाला तडा देते आणि नंतर तासन्‌तास गप्प पडून राहते. पाहणाऱ्याला ते अडकले असे वाटते आणि कवच सोलण्याचा मोह होतो. पण त्या वेळी पडद्यातल्या शिरांमधून रक्त वाहत असते आणि उरलेला बलक पोटात ओढला जात असतो. घाईने सोललेल्या पिल्लाचा रक्तस्रावाने जीव जाऊ शकतो. तडा गेल्यापासून बाहेर येईपर्यंत एक ते दोन दिवस लागणे स्वाभाविक आहे.

पिल्ले निघाली की मुले त्यांना उचलतात, गालाला लावतात, पांघरुणात घेतात. ठणठणीत दिसणाऱ्या बदकाच्या आतड्यातही साल्मोनेला जंतू असू शकतात. त्यांच्यामुळे जुलाब, ताप, पोटात कळा येतात. पाच वर्षांखालील मुले, गरोदर स्त्रिया, वृद्ध आणि प्रतिकारशक्ती कमी असलेल्यांना त्याचा त्रास अधिक होतो. पिल्लांना हात लावल्यावर साबणाने हात धुवावेत आणि त्यांची भांडी स्वयंपाकघरात घासू नयेत. बदकाची अंडी अनेकदा ओल्या, चिखलट जागी पडलेली असतात. म्हणून ती बलक घट्ट होईपर्यंत शिजवूनच खावीत. काही दिवस उबवलेले अंडे खाऊ नये.

बर्ड फ्लूचाही विसर पडू नये. फेब्रुवारी २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातील नवापूरच्या कोंबड्यांत तो आढळला, तर २०१४ मध्ये केरळात बदकांत. बदके रानपक्ष्यांसोबत एकाच तळ्यात उतरतात आणि काही वेळा लक्षणे न दाखवताही विषाणू पसरवतात. म्हणून वाढलेली बदके आणि कोंबड्या एका खुराड्यात ठेवू नयेत. एकाएकी पक्षी मरू लागले तर उघड्या हातांनी उचलू नयेत, पशुवैद्यकीय दवाखान्याला कळवावे. अशा पक्ष्यांच्या सहवासानंतर आठ-दहा दिवसांत ताप, खोकला किंवा दम लागला तर घरी बदके असल्याचे डॉक्टरांना आपणहून सांगावे. बाह्यरुग्ण विभागाच्या गर्दीत हा प्रश्न विचारला जाईलच असे नाही आणि योग्य औषध वेळेवर सुरू होणे पुष्कळदा त्या एका माहितीवर अवलंबून असते.