तीन पाडवे

साथीचा फैलाव होऊ लागला की गर्दीची ठिकाणे बंद व्हावीत, हे इतके उघड आहे की, १३ मार्च २०२० रोजी मुंबई, पुणे, नागपूर आदी शहरांतील नाट्यगृहे मध्यरात्रीपासून बंद करण्याचा हुकूम सुटला, तेव्हा नाटकावाचून ज्याचा रविवार सरत नाही अशा माझ्यासारख्या माणसानेही तो निमूटपणे शिरोधार्य मानला. चार दिवसांनी अजिंठा-वेरूळची लेणी बंद झाली. जब्बार पटेलांच्या अध्यक्षतेखाली भरावयाचे शंभरावे नाट्यसंमेलन लांबणीवर पडले. आणि आम्हां रसिकांच्या बोलण्यात हळहळ दाटली. पण ती हळहळच होती, कारण आमच्या काही संध्याकाळी तेवढ्या बुडाल्या होत्या.

बुडणे म्हणजे काय, ते नारायणगावाला विचारावे. तमाशा कलावंत विठाबाईंचे हे गाव तमाशापंढरी म्हणून ओळखले जाते. पाडव्याच्या सुमारास तेथे फडांच्या राहुट्या उभ्या राहतात, गावोगावचे कारभारी आपापल्या जत्रेची तारीख घेऊन येतात, घासाघीस होते, सुपारी ठरते, विसार हाती पडतो आणि चैत्र-वैशाखाचा सारा हंगाम तेथेच मुक्रर होतो. दसऱ्याला बाहेर पडलेला फड हिवाळाभर तंबूत तिकिटावर खेळ करतो खरा. परंतु मालकाने कलावंतांना आगाऊ दिलेली उचल आणि त्या उचलीपायी सावकाराकडून काढलेले कर्ज यांची फेड मुख्यतः जत्रांच्या सुपाऱ्यांवरच विसंबून असते.

२०२० चा पाडवा २५ मार्चला आला आणि नेमक्या त्याच दिवसापासून सारा देश टाळेबंदीत गेला. पुढचा पाडवा १३ एप्रिल २०२१ चा. त्याच रात्री राज्यात कडक निर्बंध जाहीर झाले. नाट्यगृहांना मधल्या काळात, ५ नोव्हेंबर २०२० पासून, निम्म्या आसनांवर का होईना, दारे उघडण्याची मुभा मिळाली होती. जत्रेला अशी मुभा निरुपयोगी, कारण तिची तिथी ग्रामदैवताची असते आणि ती टळली की वर्ष टळले.

बंदी योग्यच होती. रात्रभर खांद्याला खांदा लावून बसणारा तो समुदाय, आणि जवळपास धड इस्पितळ नसलेली गावे, यांचा विचार करता दुसरा निर्णय मी कधीही मागितला नसता. माझे म्हणणे निराळे आहे. ज्या आधारावर ही बंदी आली, तो साथरोग कायदा प्लेगच्या धामधुमीत, १८९७ साली झालेला. आणि त्याच्या दुसऱ्याच कलमात उपाययोजनेचा खर्च, भरपाई द्यावयाची झाल्यास तीसुद्धा, कोणी व कशी सोसावी हे ठरविण्याचा अख्त्यार सरकारला दिलेला आहे. परकीय अंमलदारांनी, ज्यांचा जुलूम पुणे शहर अद्याप विसरलेले नाही, जी जागा कागदावर राखून ठेवली, ती आपल्या लोकशाही राज्याने वेळीच भरावयास हवी होती. २०२१ साली एकेका कलावंतास ५ हजार रुपयांचे साहाय्य मंजूर झाले, परंतु तोवर दोन्ही हंगाम गेले होते, आणि त्या रकमेत एका कुटुंबाचा महिनाही निभत नाही.

तिसरा पाडवा, २ एप्रिल २०२२ चा, सर्व निर्बंध उठल्याची वार्ता घेऊन आला. राहुट्या लागल्या, सुपाऱ्याही फुटल्या. आता तरी सर्व फडांची आणि त्यांतील ढोलकीवाल्यापासून तंबू ठोकणाऱ्या गड्यापर्यंत प्रत्येकाची नोंद तालुका कचेरीत व्हावी; आणि पुन्हा कधी असा जाहीरनामा काढण्याची पाळी आलीच, तर भरपाईची रक्कम व ती देण्याची मुदत त्याच जाहीरनाम्यात, बंदीच्या हुकमाखालीच, लिहिलेली असावी, अशी माझी मागणी आहे.