व्हिडिओ कळतो, गणित अडतं

गेल्या वर्षी ऑगस्टमधल्या एका रविवारी सकाळी ताईचा फोन आला. "तुझ्या भाचीला गणित सोडायचंय. बी ग्रुप घेते म्हणतेय. उद्या शाळेत अर्ज द्यायचा आहे. तू जरा बोलतोस का तिच्याशी?"

गुजरातबाहेरच्या वाचकांसाठी सांगतो. आमच्याकडे अकरावी सायन्सला ए ग्रुप म्हणजे गणित आणि बी ग्रुप म्हणजे जीवशास्त्र. आता ही मुलगी बोट कापलं तरी डोळे मिटून घेणारी. डॉक्टर व्हायचं तिच्या स्वप्नातही नव्हतं. आठवीपासून एकच घोष, "मामासारखं कॉम्प्युटरचं काहीतरी करायचं." मग एकदम बी ग्रुप कशासाठी?

दुपारी ती बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या आमच्या जुन्या घरी आली. वही पुढे केली. तीन रंगांच्या पेनांनी लिहिलेल्या सुरेख नोट्स, चौकटी, बाण, सगळं जागच्या जागी. धडा होता रिलेशन्स अँड फंक्शन्स. आणि वहीतच घडी करून ठेवलेला युनिट टेस्टचा पेपर, २५ पैकी ७.

"मामा, मी या धड्याचे सगळे व्हिडिओ बघितलेत. काही तर तीन-तीनदा. बघताना सगळं कळतं. पेपर समोर आला की काहीच सुचत नाही. माझं डोकंच नाहीये गणिताचं."

हे शेवटचं वाक्य मी ओळखतो. बीईच्या पहिल्या वर्षी गणितात एटीकेटी लागली तेव्हा मीही हेच म्हणालो होतो. पुढे प्रश्नांचे नमुने पाठ करून पास झालो, नोकरीला लागलो आणि विषय मिटला असं समजलो. तिशी ओलांडल्यावर ऑफिसात मशीन लर्निंगच्या कामावर गेलो, तेव्हा गणिताने पुन्हा दार ठोठावलं. मग रात्री जेवणं झाल्यावर एमआयटीच्या गिल्बर्ट स्ट्रँग सरांची लिनिअर अल्जिब्राची व्याख्यानं बघायला बसू लागलो. काय सुंदर शिकवतात! मी मान डोलवत बरीच व्याख्यानं संपवली. मग सरावाचं पहिलंच गणित घेतलं आणि पेन हातातच राहिलं. तेव्हा भाचीला काय झालंय हे मला पुस्तकातून शिकावं लागलं नाही.

मी कागद घेतला. शाळेत ज्याला 'एफ ऑफ एक्स' म्हणतात, ते इथे आपल्या मराठी रीतीने फ(क्ष) असं लिहितो.

"फ(क्ष) म्हणजे क्षचा वर्ग. तर फ(३) किती?"

"नऊ." क्षणात उत्तर.

"फ(क्ष + १)?"

तिने लिहिलं, क्ष वर्ग + १.

चूक तिथेच होती, आणि बहुतेकांची तिथेच होते. मी विचारलं, असं का लिहिलंस? ती म्हणाली, "व्हिडिओत सरांनी शेवटी एक मिळवला होता." मिळवला असेलही, पण ते गणित फ(क्ष) + १ चं असणार. तीनदा बघूनही हा फरक नजरेतून निसटला होता, कारण प्रत्येक वेळी पेन सरांच्या हातात होतं.

म्हटलं, व्हिडिओ बाजूला ठेवू, आपण गिरणीत जाऊ. गहू टाकले की गव्हाचं पीठ, ज्वारी टाकली की ज्वारीचं. टाकलेल्या प्रत्येक धान्याचं एकच ठरलेलं पीठ मिळणार. आज गहू टाकले आणि बेसन आलं, असं होणार नाही. फंक्शन म्हणजे एवढंच, प्रत्येक इनपुटला एक आणि एकच आउटपुट. गिरणीत काय टाकलेलं चालतं त्याची यादी म्हणजे डोमेन. दगड टाकले तर गिरणी बंद पडेल. एक भागिले क्ष या गिरणीत शून्य हा तसा दगड आहे. आणि गिरणीतून प्रत्यक्षात जे जे बाहेर पडू शकतं, ती रेंज. वास्तव संख्यांचा वर्ग करणाऱ्या गिरणीतून ऋण संख्या कधीच बाहेर येत नाही.

"पण मग दोन इनपुटना एकच आउटपुट आलं तर?" तिने विचारलं. त्या दुपारचा तिचा हा पहिला प्रश्न.

"चालतं की. प्रत्येक घराला एक पिन कोड असतो, हे फंक्शन झालं. शेजारच्या घराचा पिन कोड तोच असला तरी हरकत नाही. आता उलटं कर. पिन कोडवरून घर सांग."

"नाही सांगता येणार. एका पिन कोडात हजारो घरं."

"म्हणून ते फंक्शन नाही."

मग मी कंस मोठा काढला आणि आत काहीच लिहिलं नाही. फ( ) = ( ) × ( ). आम्ही प्रोग्रॅम लिहितो तेव्हाही फंक्शनच लिहितो. तिथे क्ष हे फक्त रिकाम्या डब्याचं नाव असतं. डब्यात जे येईल ते प्रत्येक जागी, सगळंच्या सगळं जायला हवं. डब्यात क्ष + १ आलं तर? तिने सावकाश लिहिलं, (क्ष + १) × (क्ष + १). मग सोडवलं, क्ष वर्ग + २क्ष + १. स्वतःच्या मघाच्या उत्तराकडे बघून म्हणाली, "अगं बाई, मधले दोन क्ष कुठे गेले होते?"

पुढचा अडथळा आलेखाचा होता. फ(क्ष + १) चा आलेख डावीकडे सरकतो. अधिक केल्यावर उजवीकडे का जात नाही? व्हिडिओत 'हे लक्षात ठेवा' म्हणून पुढे गेले होते. मी म्हटलं, समज फ(क्ष) म्हणजे क्ष तारखेचं तापमान. मग फ(क्ष + १) म्हणजे उद्याचं तापमान आजच सांगणं. सगळ्या गोष्टी एक दिवस आधी आल्या. कॅलेंडरवर आधी म्हणजे डावीकडे. तिने पाच बिंदू हाताने काढून बघितले आणि मगच विश्वास ठेवला. मला ते फार आवडलं.

एकात एक घातलेल्या फंक्शन्ससाठी दुकानाचं बिल घेतलं. १००० रुपयांच्या बिलावर आधी १० टक्के सूट आणि मग ५० रुपये वजा, तर द्यायचे ८५०. आधी ५० वजा आणि मग १० टक्के सूट, तर ८५५. क्रम बदलला की उत्तर बदललं. "म्हणजे कोणतं फंक्शन आत आहे ते बघायचं," ती म्हणाली. हे वाक्य तिचं होतं, वहीतल्या नोट्समधलं नव्हतं.

आता तुम्हाला वाटेल, हा मनुष्य व्हिडिओंच्या विरोधात आहे. मुळीच नाही. सयाजीराव महाराजांनी १९०६ साली बडोदे संस्थानभर प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं, त्या गावचा मी. शिकवणं घरापर्यंत आणि फुकट येत असेल तर त्याला नावं कशी ठेवू? आयआयटी आणि आयआयएससीच्या प्राध्यापकांची एनपीटेलवरची व्याख्यानं असोत, ग्रँट सँडरसन यांच्या 'थ्री ब्लू वन ब्राउन'वरची हलती चित्रं असोत, माझ्या कॉलेजच्या काळात हे सहज हाताशी असतं तर कदाचित ती एटीकेटी टळली असती.

पण व्हिडिओ नेमकं काय देतो आणि काय देत नाही, हे माहीत हवं. खान अकॅडमीची सुरुवात बघा. २००४ साली अमेरिकेत सलमान खान यांनी नादिया या आपल्या नात्यातल्या बहिणीला दुसऱ्या गावाहून गणित शिकवायला घेतलं. इतर भावंडंही शिकू लागली तेव्हा खान यांनी आधी सरावाची गणितं देणारा छोटा प्रोग्रॅम लिहिला. यूट्यूबवरचे व्हिडिओ त्यानंतरचे, २००६ पासूनचे. भावंडांना ते समोरच्या शिकवणीपेक्षा जास्त आवडले, कारण थांबवता येत होते, पुन्हा बघता येत होते, आणि 'परत सांग' म्हणायला लाजावं लागत नव्हतं. ही व्हिडिओची खरी ताकद. पण या कहाणीत सरावाची गणितं व्हिडिओच्या आधी आली, हे आपण विसरतो.

डेरेक म्युलर हे नाव 'व्हेरिटासियम' या चॅनलमुळे तुम्हाला माहीत असेल. त्यांनी २००८ साली सिडनी विद्यापीठात याच विषयावर पीएचडी केली. भौतिकशास्त्राचा स्वच्छ, सरळ समजावणारा व्हिडिओ बघून विद्यार्थी म्हणाले, छान कळलं. चाचणी घेतली तर गुण जेमतेम वाढलेले. दुसऱ्या गटाच्या व्हिडिओत आधी नेहमीच्या चुकीच्या समजुती मांडून त्यांवर चर्चा केली होती. त्या गटाला तो गोंधळाचा वाटला, पण ते शिकले जास्त. भाचीला हे सांगितलं तेव्हा ती थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "म्हणजे मी मठ्ठ नाहीये?"

नाही गं. कळल्यासारखं वाटणं आणि करता येणं, या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. पोळ्यांचे शंभर व्हिडिओ बघून पहिली पोळी गोल होत नाही, आणि तेवढ्यावरून कोणी स्वयंपाक सोडत नाही.

त्या संध्याकाळी आम्ही काही नियम ठरवले. साधेच आहेत, आणि मी स्वतःही पाळतो.

पहिला, दीडपट वेगाने बघायचं नाही. दुसरा, सरांनी गणित फळ्यावर लिहिलं की व्हिडिओ थांबवायचा आणि आधी स्वतः सोडवायचं. चुकलं तरी चालेल, पण काहीतरी लिहायचंच. तिसरा, आलेख डेस्मॉस किंवा जिओजेब्रावर बघण्याआधी कागदावर अंदाजाने काढायचा. चौथा, व्हिडिओ संपल्यावर वही बंद करून पाच ओळी आठवून लिहायच्या. पाचवा, दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच विषयातलं एक नवीन गणित. आणि सहावा, रोज एक गोष्ट आजोबांना समजावून सांगायची.

सहावा नियम सगळ्यात जड गेला. माझे वडील बँकेतून निवृत्त झालेले. त्यांना अकरावीचं गणित ठाऊक नाही, पण 'असं का?' हा प्रश्न ते सोडत नाहीत. एकदा ती घातांकी फंक्शन समजावत होती. बाबा म्हणाले, "आठ टक्के चक्रवाढ म्हणजे नऊ वर्षांत दामदुप्पट. आम्ही तोंडी सांगायचो. तुझं ते फंक्शन काय म्हणतं बघ." तिने १.०८ चा नववा घात काढला, १.९९९ आला. दोघंही आनंदाने एकमेकांकडे बघत राहिले. मग बाबांनीच विचारलं, "आणि सरळव्याजाने किती वर्षं?" साडेबारा. एक सरळ रेषा, एक वर चढत जाणारी वक्ररेषा. तिने दोन्ही एकाच कागदावर काढल्या. तो कागद बाबांनी अजून कपाटात ठेवलाय.

पुढचा धडा त्रिकोणमितीतल्या फंक्शन्सचा आला, तेव्हा मी तिला साइन या शब्दाचा प्रवास सांगितला. संस्कृत 'ज्या' किंवा 'जीवा', तिचं अरबीत 'जिबा', ते पुढे 'जैब' असं वाचलं गेलं, आणि जैब म्हणजे खोबण म्हणून लॅटिनमध्ये 'सायनस'. आर्यभटाने इसवी सन ४९९ च्या सुमारास ३ अंश ४५ कलांच्या टप्प्यांनी ज्यांची कोष्टकरचना दिली. कोन द्या, ज्या मिळेल. गिरणीच की ती! तीही कोणीतरी हाताने, एकेक आकडा काढून उभारलेली.

आता अर्जाचं काय झालं? त्या सोमवारी तो दिला नाही. ताई आणि भावोजींशी बोलून ठरलं, की दिवाळीच्या आधीची परीक्षा होऊ दे, मग बघू. तीन आठवड्यांनी ती एकदा रडलीसुद्धा, कारण स्वतः सोडवायला लागल्यापासून दहा व्हिडिओंच्या वेळात तीनच होत होते आणि मैत्रिणी पुढे गेल्या होत्या. मला त्या रात्री वाटलं, मी उगाच हिच्या वर्षाशी खेळतोय की काय. परीक्षेत तिला निम्म्याहून थोडे जास्त गुण मिळाले. पेढे वाटावेत असे नव्हेत. पण पेपर बघितला तर एकही प्रश्न कोरा सोडलेला नव्हता. फ(क्ष + १) चं एक गणित होतं, ते बरोबर होतं.

ए ग्रुप तिने ठेवला. पुढे कदाचित ती दुसरंच काही निवडेल, आणि आवडीने निवडलं तर मला आनंदच आहे. मला एवढंच नको होतं, की व्हिडिओत कळलेलं आणि कागदावर अडलेलं एक गणित तिच्या वतीने तो निर्णय घेईल.

तुमच्या घरीही कोणी कानात इअरफोन घालून रात्री गणिताचे व्हिडिओ बघत असेल. 'कळलं का?' असं विचारू नका, उत्तर 'हो'च येईल. शेजारी बसा, कागद पुढे सरकवा आणि म्हणा, "मला करून दाखव." आमच्याकडे ते काम आता आजोबा करतात. मी स्ट्रँग सरांच्या व्याख्यानांकडे परत गेलोय, या वेळी पेन हातात घेऊन.