धान्याच्या कोठारावरचं महाकाय चित्र: फोटो कसा काढायचा आणि तो विकता येतो का?

दूरवर पसरलेली सपाट शेतं, रिकामा रस्ता आणि मधेच जवळपास दहा मजली इमारतीएवढे चार शेतकरी. ऑस्ट्रेलियातल्या ब्रिम गावचा हा फोटो तुमच्याही फीडमध्ये आला असेल. अशा चित्रांचा फोटो काढणं वाटतं तितकं सोपं नाही. तो वापरण्याचेही काही नियम आहेत.

ही चित्रं कुठे आहेत?

सायलो म्हणजे धान्य साठवण्याची काँक्रीटची उंच, गोल कोठारं. ऑस्ट्रेलियाच्या गहू पिकवणाऱ्या भागात ती रेल्वेमार्गालगत उभी आहेत. अनेक कोठारं जुनी होऊन वापराबाहेर गेली. २०१५ मध्ये पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या नॉर्थमला सायलोंवर भव्य चित्रं रंगवली गेली. त्यानंतर व्हिक्टोरिया राज्यातल्या ब्रिममध्ये गीडो व्हॅन हेल्टन या चित्रकाराने १९३९ च्या, सुमारे ३० मीटर उंच सायलोंवर वेगवेगळ्या पिढ्यांतले चार शेतकरी रंगवले. हे चित्र २०१६ च्या सुरुवातीला पूर्ण झालं.

ते पाहायला लोक येऊ लागले आणि आसपासच्या गावांतही चित्रं उभी राहिली. शीप हिल्सला अ‍ॅडनेट, पॅचवोलॉकला फिंटन मॅगी, लॅसेल्सला रोन. आज सुमारे २०० किलोमीटरचा 'सायलो आर्ट ट्रेल' हे या भागाचं मोठं आकर्षण आहे.

जवळून फोटो का बिघडतो?

पायथ्याशी उभं राहून मोबाइल वर केला की कोठार वरच्या बाजूला निमुळतं होतं. चेहऱ्याचं कपाळ लहान, हनुवटी मोठी दिसते. वाइड लेन्स लावली तर हे आणखी वाढतं.

उपाय साधा आहे: मागे जा. पुरेसं लांब जाऊन, मोबाइल सरळ धरून थोडा झूम करा. सायलो गोल असल्यामुळे उभं राहण्याची जागाही महत्त्वाची. फार बाजूला गेलात तर चित्राचा काही भाग वळणाआड जातो. त्यामुळे आधी थोडं फिरून चित्र सर्वात नीट कुठून दिसतं ते शोधा.

फ्रेममध्ये माणूस, गाडी किंवा विजेचा खांब असू द्या. त्याशिवाय आकाराचा अंदाज येत नाही. नुसतं चित्र कापून घेतलं तर ते कागदावरचंही वाटू शकतं.

कोणत्या वेळी जावं?

पूर्वेकडे तोंड असलेल्या भिंतीला सकाळ, पश्चिमेकडच्या भिंतीला संध्याकाळ. एक गोष्ट मात्र आपल्याला चकवते. व्हिक्टोरियात दुपारचा सूर्य कायम उत्तरेकडे असतो. त्यामुळे तिथे दक्षिणेकडची भिंत दिवसाचा बराच वेळ सावलीत राहते. ढगाळ दिवशी सावल्या सौम्य होतात आणि रंग एकसारखे दिसतात.

ड्रोन वापरायचा असेल तर तिथले नियम पाळावे लागतात: जमिनीपासून कमाल १२० मीटर उंची, लोकांपासून किमान ३० मीटर अंतर आणि ड्रोन सतत नजरेच्या टप्प्यात. चांगल्या अँगलसाठी रुळांवर जाऊ नका. काही सायलो अजून वापरात आहेत, तिथे ट्रकची ये-जा असते.

हा फोटो विकता येतो का?

खरी गफलत इथेच होते. चित्र रस्त्यावरून दिसतं म्हणून ते सगळ्यांचं होत नाही. ऑस्ट्रेलियाच्या १९६८ च्या कॉपीराइट कायद्यात सार्वजनिक जागेतल्या शिल्पांचे आणि कलात्मक हस्तकलेच्या वस्तूंचे फोटो काढायला सूट आहे. भित्तिचित्रं त्यात येत नाहीत. आठवण म्हणून काढलेल्या फोटोला सहसा कुणी हरकत घेत नाही. पण कॅलेंडर, टी-शर्ट किंवा जाहिरातीसाठी कॉपीराइट ज्याच्याकडे आहे त्याची परवानगी लागते. बहुतेक वेळा तो चित्रकाराकडे असतो.

भारतात काय नियम आहे?

जवळपास असाच. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ मध्ये सार्वजनिक जागेत कायमस्वरूपी असलेल्या शिल्पांच्या फोटोंना सूट आहे, भिंतीवरच्या चित्रांच्या फोटोंना ती नाही. चित्रपटात असं चित्र दिसण्याबाबत मात्र कायदा सैल आहे. म्हणजे गावातल्या शाळेची किंवा ग्रामपंचायतीची रंगवलेली भिंत असली, तरी तिचा फोटो उत्पादनावर छापण्याआधी चित्रकाराला विचारायला हवं.

पोस्ट करताना काय लिहावं?

चित्रकाराचं नाव आणि गावाचं नाव. आपल्या कामासोबत आपलं नाव असावं, हा कलाकाराचा हक्क दोन्ही देशांच्या कायद्यांनी मान्य केला आहे. सही बहुतेकदा भिंतीच्या खालच्या कोपऱ्यात असते, तिचाही एक फोटो घेऊन ठेवा. उन्हापावसात हे रंग फिके होत जातात. उद्या भिंत पुसट झाली, तर ती कुणी आणि कुठे रंगवली होती हे तुमच्या पोस्टवरून कळेल.