तुरुंगातील पारलिंगी : विंडसरचा नियम काय सांगतो?

आपल्या समाजातील काही कुटुंबे आता कॅनडात स्थायिक आहेत. तिथल्या ऑन्टॅरियो प्रांतात, अमेरिकेतील डेट्रॉइटसमोर नदीच्या पलीकडे विंडसर शहर आहे. तिथला जुना तुरुंग बंद होऊन २०१४ साली साऊथ वेस्ट डिटेन्शन सेंटर सुरू झाले. खटला चालू असलेले आणि दोन वर्षांहून कमी शिक्षेचे कैदी तिथे ठेवतात.

जन्माच्या वेळी मुलगा म्हणून नोंद झाली, पण जी स्वतःला स्त्री मानते, किंवा याच्या उलट, ती व्यक्ती पारलिंगी. मुंबईत आपण ज्यांना तृतीयपंथी म्हणत आलो, तेही यातच येतात.

अशा कैद्याला कोणत्या बराकीत ठेवायचे? अंगझडती कोणी घ्यायची? पूर्वी हे शरीर पाहून ठरे. पुरुषांत ठेवले तर अत्याचाराचे भय. त्यातून वाचवायला एकांतकोठडी. म्हणजे संरक्षणाचीच शिक्षा होई.

जानेवारी २०१५ मध्ये ऑन्टॅरियोने प्रांतातील सर्व तुरुंगांसाठी धोरण बदलले. कैदी स्वतःला जे मानतो त्याप्रमाणे त्याची जागा ठरावी, सुरक्षेचे ठोस कारण असेल तरच वेगळा निर्णय घ्यावा. त्याने सांगितलेल्या नावाने हाक मारावी. झडती स्त्री कर्मचाऱ्याने घ्यावी की पुरुषाने, हे त्याला निवडता यावे.

पण नियम कागदावर असतो, कोठडीची किल्ली मात्र शिपायाच्या हाती. कोणी खोटे सांगून स्त्रियांत शिरेल काय, झडतीत आपल्यावरच आळ येईल काय, अशा शंका कर्मचाऱ्यांना येतात. त्या हसण्यावारी नेऊन चालणार नाही. त्यांना प्रशिक्षण आणि स्पष्ट सूचना हव्यात. मात्र टिंगल करणे, मुद्दाम जुन्या नावाने पुकारणे, ही शंका नव्हे, छळ आहे. सोबतचा शिपाईच पारलिंगी असेल, तर त्यालाही संरक्षण आहे : ऑन्टॅरियोच्या मानवी हक्क कायद्याने २०१२ पासून नोकरीतही असा भेदभाव बेकायदा ठरवला आहे.

भारतातही पावले पडत आहेत. जानेवारी २०२२ मध्ये केंद्रीय गृहमंत्रालयाने राज्यांना सूचना दिल्या की, पारलिंगी कैद्यांची वेगळी सोय करावी, पण त्यांना एकटे पाडू नये. मुंबई उच्च न्यायालयाने खडसावल्यावर डिसेंबर २०२२ मध्ये महाराष्ट्र सरकारने पोलीस भरतीच्या अर्जात तिसरा पर्याय ठेवण्याचे मान्य केले.

चारचौघांत कोणाला लाजवणे म्हणजे त्याचे रक्त सांडणे, असे आपल्या शास्त्र्यांनी शिकवले. शिक्षा न्यायालयाने द्यायची असते. त्यात अपमानाची भर घालण्याचा अधिकार पहारेकऱ्याला नाही.