रॉक गाणं, रेगेचा ठेका
चार मात्रांचं आवर्तन धरा. रॉकमध्ये ड्रमचा ठोका पहिल्या मात्रेवर पडतो. रेगेच्या ‘वन ड्रॉप’ ठेक्यात नेमकी तीच मात्रा मोकळी सोडतात आणि वजन तिसरीवर टाकतात. गिटार मधल्या फटींत तुटक वाजते, गाणं चालवतो तो बेस. म्हणून ओळखीचं रॉक गाणं रेगेत आलं की घाई सोडून ऐसपैस बसतं.

सर्वांत धाडसी प्रयोग न्यूयॉर्कच्या ईझी स्टार ऑल-स्टार्स या बँडचा. पिंक फ्लॉइडचा १९७३चा ‘द डार्क साइड ऑफ द मून’ हा अल्बम त्यांनी २००३मध्ये ‘डब साइड ऑफ द मून’ म्हणून अख्खा नव्याने वाजवला. उलटा प्रवासही झाला: बॉब मार्लेचं ‘आय शॉट द शेरिफ’ एरिक क्लॅप्टनने १९७४मध्ये अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर नेलं.

न्हावऱ्याहून चौफुल्याला जाणाऱ्या रसिकाला यात परकं काही नाही. तिथल्या कला केंद्रांत सिनेमाची गाणी ढोलकीवर नव्याने उभी राहतातच. गोव्यात तर २०१६पासून ‘गोवा सनस्प्लॅश’ हा रेगे महोत्सव भरू लागला.

आधी मूळ गाणं ऐका, मग रेगे. मोबाइलच्या स्पीकरवर मात्र नको, बेस हरवतो.