अवज्ञा

आज्ञा देण्याचा अधिकार असलेल्या व्यक्तीची वा संस्थेची आज्ञा जाणूनबुजून न पाळणे, तसेच एखाद्यास तुच्छ लेखून त्याची उपेक्षा करणे, अशा दोन अर्थांनी हा शब्द मराठीत रूढ आहे. ‘ज्ञा’ (जाणणे) या संस्कृत धातूस ‘अव’ (खाली) हा उपसर्ग लागून तो सिद्ध झाला. आज्ञा व अनुज्ञा (परवानगी) हे शब्दही याच धातूपासून बनले आहेत. अवज्ञेचा मूळ अर्थ कमी लेखणे हा होय. आज्ञा मोडणे म्हणजे ती देणाऱ्याचा मान न राखणे, या समजुतीमुळे दोन्ही अर्थ एका शब्दात नांदतात. वस्तुतः पहिला अर्थ कृतीचा, तर दुसरा वृत्तीचा निदर्शक आहे.

व्यवहारातील इतर शब्दांत हा भेद स्पष्ट दिसतो. ‘शब्द मोडणे’, ‘शब्दाबाहेर जाणे’, ‘हुकूम मोडणे’ यांतून केवळ कृती सूचित होते. ‘बेअदबी’ वा ‘अवमान’ यांतून वृत्ती. आज्ञा ठाऊक नसल्याने किंवा ती पाळणे अशक्य असल्याने पाळली गेली नाही, तर तिला अवज्ञा म्हणत नाहीत.

कायद्यातही हा भेद मान्य झाला आहे. न्यायालय अवमान अधिनियम, १९७१ अन्वये न्यायालयाचा आदेश बुद्ध्या न पाळणे हा दिवाणी अवमान, तर न्यायालयाची अप्रतिष्ठा करणे वा न्यायदानात अडथळा आणणे हा फौजदारी अवमान होय. सेना अधिनियम, १९५० नुसार वरिष्ठाने समक्ष दिलेली आज्ञा त्याच्या अधिकाराचा उघड धिक्कार होईल अशा रीतीने मोडल्यास १४ वर्षांपर्यंत कारावास होऊ शकतो. साध्या आज्ञाभंगास, प्रत्यक्ष युद्धसेवा चालू नसल्यास, ही मर्यादा ५ वर्षांची आहे. दोन्ही प्रकारांत आज्ञा कायदेशीर असणे आवश्यक असते. लोकसेवकाच्या आदेशाचा भंग भारतीय दंडसंहितेच्या (१८६०) कलम १८८ खाली शिक्षापात्र होता. १ जुलै २०२४ पासून त्याची जागा भारतीय न्याय संहितेच्या कलम २२३ ने घेतली आहे. मात्र नुसता भंग पुरेसा नसून त्यामुळे अडथळा, त्रास, इजा वा तत्सम धोका उद्‌भवणे किंवा उद्‌भवण्याचा संभव असणे आवश्यक ठरते.

अवमानाविना आज्ञाभंग शक्य आहे, या विचारावर सविनय कायदेभंगाचे तत्त्व उभे आहे. अमेरिकन लेखक हेन्‍री डेव्हिड थोरो यांनी गुलामगिरी व मेक्सिकोवरील युद्ध यांच्या निषेधार्थ कर नाकारून १८४६ मध्ये एक रात्र तुरुंगात काढली आणि १८४९ मध्ये निबंधाद्वारे आपली भूमिका मांडली. चंपारण जिल्हा सोडून जाण्याचा आदेश महात्मा गांधींनी पाळला नाही, तेव्हा त्यांच्यावर खटला झाला. १८ एप्रिल १९१७ रोजी मोतीहारी येथील न्यायालयात गुन्हा कबूल करताना, आपण कायदेशीर सत्तेविषयीच्या अनादरामुळे नव्हे, तर सदसद्‌विवेकबुद्धीचा आदेश श्रेष्ठ मानून हे केले, असे त्यांनी सांगितले. पुढे हा खटला काढून घेण्यात आला. शिक्षा न चुकवता स्वीकारणे, हीच या भूमिकेतील आदराची खूण होय.

१९३० च्या चळवळीस हिंदीत ‘सविनय अवज्ञा’, तर मराठीत ‘सविनय कायदेभंग’ हे नाव रूढ झाले. मराठी नावात अवमानाची छटा नाही. त्या वर्षी शिरोडे येथे मिठाचा सत्याग्रह झाला, तर पुसद येथे लोकनायक बापूजी अणे यांनी राखीव जंगलातील गवत कापून कायदा मोडला.

आज्ञा कायद्याचीच असते असे नाही. रूढीही आज्ञा करते. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर व त्यांच्या अनुयायांनी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी प्राशन केले. मुंबई विधिमंडळाच्या १९२३ च्या ठरावाने सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांस खुले मानले होते. तेथे मोडली गेली ती केवळ रूढी.

काही वेळा अवज्ञा न करणे हाच दोष ठरतो. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या न्यूरेंबर्ग खटल्यात (१९४५–४६) वरिष्ठांची आज्ञा पाळली एवढ्यावरून आरोपी जबाबदारीतून मुक्त होत नाही, हे तत्त्व लागू करण्यात आले. यास्तव एखाद्या अवज्ञेचे मूल्यमापन करताना आज्ञा देणाऱ्याचा अधिकार, आज्ञेचे स्वरूप आणि ती मोडणाऱ्याची वृत्ती या तिन्हींचा विचार करावा लागतो.