गाडी पाहाले आलो

बडनेरा स्टेशनच्या पुलावर एका हमालदादांनी मला विचारलं, "कोठी चालले?"

"कोठीच नाही. गाडी पाहाले आलो."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या भाच्याकडे, मग माझ्या हातातल्या प्लॅटफॉर्म तिकिटाकडे. "पाहा बाप्पा," म्हणाले आणि निघून गेले. दहा रुपयांचं हे तिकीट माझं लाडकं आहे. रेल्वेच्या सगळ्या तिकिटांत माणसाला कुठेच न नेणारं हे एकच. मुदत दोन तासांची, आणि मला दोन तास कधी पुरलेले नाहीत.

मी शेंदूरजनाघाटचा. सातपुड्याच्या पायथ्याशी संत्र्याच्या कलमांच्या रोपवाटिकांमध्ये वाढलेला. जंभेरीच्या खुंटावर डोळा कसा बांधायचा हे आमच्याकडच्या पोट्ट्यांना शाळेच्या आधी कळतं. पण माझ्या लहानपणी आगगाडी पाहायची तर पांढुर्णा नाही तर नरखेड गाठावं लागे. नरखेड-बडनेरा मार्ग झाला आणि 'वरूड ऑरेंज सिटी' असं झोकदार नाव घेऊन स्टेशन दाराशी आलं, ते आत्ता आत्ता. तरी गाड्या पाहायच्या म्हटलं की मी शंभरेक किलोमीटरवरच्या बडनेऱ्यालाच जातो. हे मुंबई-हावडा मार्गावरचं दीडशे वर्षांहून जुनं स्टेशन. भुसावळहून आलेला ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचा रूळ १८६७ मध्ये नागपूरला पोचला तो इथूनच. अमरावती मात्र बाजूला राहिली. मग तिथल्या कापसाच्या बाजारासाठी १८७१च्या सुमारास बडनेऱ्यापासून छोटा फाटा काढला गेला. आता तिसरीकडून आमची नरखेडची लाइन येऊन मिळते.

स्टेशन जाणाऱ्यांसाठी असतं, हे खरं. पण गाडीत बसलेल्याला गाडी दिसत नाही. त्याला खिडकी दिसते, समोरच्याचा डबा दिसतो, फार तर वळणावर इंजिनाची शेपटी. गाडी दिसते ती न जाणाऱ्याला. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याकडे पहिली गाडी निघाली तेव्हा चौदा डब्यांत पाहुणे होते चारशेच्या आसपास, आणि ते नवल बघायला लोटलेले लोक हजारोंनी. आपल्याकडे रेल्वेत बसणाऱ्यांपेक्षा रेल्वे पाहणारे पहिल्या दिवसापासूनच जास्त. त्यांच्यासाठी जागा मात्र कुणी बांधली नाही.

पुलावरून काय दिसतं? परवा भाच्याने विचारलं, "मामा, थे तार वाकडी काहून हाये?"

मला आनंदाने ओरडावंसं वाटलं. प्लॅटफॉर्मवर उभं राहून हा प्रश्न सहसा पडत नाही, कारण बाजूने तार सरळच दिसते. पुलावरून, बरोबर रुळाच्या रेषेत पाहिलं तर कळतं की इंजिनाला वीज देणारी तार एका खांबाशी थोडी डावीकडे, पुढच्या खांबाशी थोडी उजवीकडे ओढलेली आहे. सरळ मार्गावर मधल्या रेषेपासून सुमारे वीस सेंटिमीटर इकडे, तेवढीच तिकडे. ही चूक नव्हे, युक्ती आहे. इंजिनाच्या डोक्यावरच्या पेंटोग्राफला कार्बनची पट्टी असते. तार सरळ असती तर तिने त्या पट्टीला एकाच ठिकाणी घासून खाच पाडली असती. नागमोडी तार पट्टीवर या टोकाहून त्या टोकाकडे सरकत राहते आणि पट्टी सगळीकडे सारखी झिजते. करवतीने एकाच रेघेत कापावं आणि कानशीने सगळीकडून घासावं, तेवढा फरक.

मग कोळशाची मालगाडी आली. पारसच्या नाही तर भुसावळच्या वीजकेंद्राकडे निघालेली असावी. (कोळसा ओढणारी वीजही बहुधा कोळशाचीच, हा विनोद मी दर वेळी करतो आणि भाचा दर वेळी हसत नाही.) आम्ही डबे मोजले, अठ्ठावन्न भरले. भरलेली अशी गाडी पाच हजार टनांच्या आसपास जाते. एका डब्याला आठ चाकं, म्हणजे एकूण ४६४. आता गंमत अशी, की लोखंडी चाक लोखंडी रुळाला टेकतं ती जागा साधारण एक चौरस सेंटिमीटर, जुन्या चार आण्याच्या नाण्याहून लहान. सगळ्या चाकांची जागा एकत्र केली तरी फुलस्केप कागदाचं एक पान भरत नाही. पुलाखालून दणाणत जाणारा तो काळा डोंगर एका कागदाएवढ्या जागेवर उभा असतो! म्हणून तर तो ओढता येतो. घर्षण कमी, त्यामुळे एवढा भार दोन-तीन इंजिनं हलवू शकतात. आणि म्हणूनच तो थांबवायला किलोमीटरच्या हिशेबात आधीपासून विचार करावा लागतो.

चाकाचंही एक गुपित आहे. मोटारीच्या इंजिनाने फिरवलेल्या दोन चाकांना वळणावर वेगवेगळ्या गतीने फिरता यावं म्हणून खास यंत्र लागतं. आगगाडीची दोन्ही चाकं एकाच आसाला ठोकून बसवलेली, वेगळी फिरूच शकत नाहीत. वळणावर बाहेरचा रूळ लांब, आतला आखूड. मग जमतं कसं? चाकाची कड सपाट नसते, ती किंचित निमुळती असते, पाण्याच्या ग्लासासारखी. वळण आलं की आस बाहेरच्या बाजूला सरकतो. बाहेरचं चाक आपल्या जाड भागावर टेकतं, आतलं बारीक भागावर. तितक्याच फेऱ्यांत एक जास्त अंतर कापतं, दुसरं कमी. कुणाला विचारणं नाही, कसली कळ दाबणं नाही. रुळावरून चाक घसरू न देणारी आतली पाळ साध्या वळणावर बहुतेक वेळा रुळाला लागतसुद्धा नाही.

आणि आमचा उन्हाळा! वऱ्हाडात मे महिन्यात पारा पंचेचाळीसला टेकतो तेव्हा रुळाचं पोलाद त्याहून कितीतरी तापतं. हिवाळ्यातल्या पहाटेपासून मेच्या दुपारपर्यंत पन्नास अंशांचा फरक धरला, तर एक किलोमीटर मोकळं पोलाद साठ सेंटिमीटर वाढायला हवं. पूर्वी रुळांच्या तुकड्यांमध्ये फटी ठेवत, त्यातूनच ती खटक-खटक ऐकू यायची. आता रूळ लांबच लांब जोडलेले असतात आणि स्लीपर नि गिट्टी त्यांना जागच्या जागी आवळून धरतात. वाढ होत नाही, ताण होतो. तो ताण गिट्टीला ऐकेनासा झाला तर रूळ सापासारखा वळेल. म्हणून कडक उन्हात रुळावरून पायी फिरून पाहणारी माणसं नेमलेली असतात.

अशा गोष्टी पाहायला जागा बांधणारे लोक जगात आहेत. टोकियोत निप्पोरी स्टेशनजवळ रुळांवरून जाणारा शिमोगोइन्देन नावाचा पूल आहे. त्याला मध्येच एक सज्जा काढून 'ट्रेन म्युझियम' असं नाव दिलंय. खालून दिवसाला अडीच हजारांच्या घरात गाड्या जातात, वीसेक प्रकारच्या. कुठली गाडी कुठली, हे ओळखायला चित्रांचा फलक आहे. म्युझियममध्ये फलक सोडला तर ठेवलेली वस्तू एकही नाही, सगळ्या वस्तू स्वतःच चालत येतात. अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यात फोकस्टन नावाचं काही हजार वस्तीचं गाव आहे, आमच्या शेंदूरजन्याहूनही लहान. फ्लोरिडाकडे जाणाऱ्या बऱ्याच मालगाड्या तिथून जातात, एवढंच त्याचं भांडवल. गावाने रुळाशेजारी छपराचा कट्टा बांधला आणि चालकांचं रेडिओवरचं बोलणं ऐकू येईल अशी सोय केली. लोक लांबून येऊन बसतात.

आपल्याकडे निसर्गाने करायला लावलेली एक जागा होती. अकोला-खंडवा मीटरगेजवर मेळघाटात धूळघाटला चढ असा होता की रूळ स्वतःभोवती फिरून पुलाने स्वतःवरूनच जाई. वरून देवनागरी चारच्या आकड्यासारखा. आपण आत्ता ज्या रुळावरून आलो तोच खिडकीतून खाली दिसायचा. बसलेल्याला गाडीचा रस्ता पाहता येण्याचं ते दुर्मिळ ठिकाण. २०१७च्या सुरुवातीला तिथल्या गाड्या बंद झाल्या. मूर्तिजापूर-अचलपूरची शकुंतलाही गेली. तिचं मँचेस्टरचं १९२१चं वाफेचं इंजिन एप्रिल १९९४ पर्यंत धावलं, आणि ७६ किलोमीटरला चार तास घेणारी ती गाडी पाहायला वेगळी जागा लागतच नव्हती. शेतातून मान वर केली की झालं.

बडनेऱ्याचं नाव स्टेशनं सुधारण्याच्या अमृत भारत योजनेच्या यादीत आहे, तेव्हा बोलून ठेवतो. सेल्फी पॉइंट नको. 'आय लव्ह बडनेरा' ही अक्षरं तर मुळीच नकोत. तारेत २५ हजार व्होल्ट असतात, स्पर्शही लागत नाही, जवळ जाणंच पुरतं. म्हणून पुलाला जाळी हवीच. पण आज पुलांवर जिथे जाळी असते तिथे खालचा भाग पत्र्याने बंद असतो, आणि नेमकी तिथेच सहा वर्षांच्या पोराची नजर असते. तिथे जाड काच बसवा. मार्ग पूर्व-पश्चिम आहे, तेव्हा सज्जा दोन्ही तोंडांना हवा: सकाळी पश्चिमेकडे, संध्याकाळी पूर्वेकडे पाहिलं की ऊन पाठीशी राहतं आणि इंजिनाचं तोंड उजळतं. सावली, एक बाक, पाण्याचा नळ. आणि तार वाकडी का, हे सांगणारा एक फलक, मराठीत.

रेल्वेला हे पटायला हरकत नसावी, कारण गाडी पाहणं हे तिथे कामच आहे. न थांबणारी गाडी जात असताना स्टेशनवरच्या माणसाने हिरवं निशाण धरून तिच्याकडे पाहत उभं राहायचं असतं: काही लोंबतंय का, कुठल्या आसातून धूर येतोय का, जळका वास येतोय का. मागच्या डब्यातला गार्ड, ज्याला २०२२ पासून ट्रेन मॅनेजर म्हणतात, तिकडून निशाण दाखवतो. आणि सगळ्यात शेवटी ती 'एलव्ही' अक्षरांची पाटी, रात्री लाल दिवा. शेवटचा डबा. ती दिसली म्हणजे गाडी अख्खी आली, वाटेत तुटून काही मागे राहिलं नाही.

त्या दिवशी कोळशाची गाडी संपली तेव्हा पुलावरचे बाकीचे लोक आपापल्या जिन्याकडे वळलेले होते. खाली प्लॅटफॉर्मच्या टोकाला निशाण घेतलेला एक माणूस अजून तसाच उभा होता, 'एलव्ही'ची पाटी लहान होत जाईपर्यंत. मग त्याने निशाण गुंडाळलं, वर पाहिलं, आणि टाचा उंचावून जाळीला नाक लावून उभ्या असलेल्या भाच्याला तेच गुंडाळलेलं निशाण जरासं हलवून दाखवलं.